राखेतला चीक

‘हात काढ,’ आत्याबाई म्हणाल्या.

मी काढला नाही. दोन्ही हात छातीवर दाबून भिंतीला पाठ लावून बसले. बाजेखाली शेगडी धुमसत होती आणि त्या धुरानं डोळे चुरचुरत होते. शेजारी सुपात, जुन्या धोतराच्या फडक्यात, पहाटे झालेली माझी लेक. मांजराच्या पिल्लाएवढी. ऊन दारापर्यंत आलं होतं आणि तिच्या पोटात तोवर मधाचं एक बोट आणि कापसाच्या वातीनं पिळलेलं गूळपाणी, एवढंच गेलं होतं.

‘प्रयाग, हात काढ म्हनते न्हवं. कोंडून ठेवलं की गाठी व्हत्यात. मागल्या टायमाला शेवटी दूध तुंबलं तवा कशी ठणाणा बोंबलत हुतीस, इसरलीस का?’

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, माझ्यासमोर उकिडवी बसली होती. तिच्या हातात जर्मलची वाटी, वाटीच्या तळाला चुलीतली राख. माझ्या छातीत आलेला चीक त्या राखेत पिळून ती वाटी उकिरड्यावर ओतायची, अशी आमच्या घरची रीत होती. आमच्याच नाही, आळीतल्या सगळ्याच घरांची.

‘आत्याबाई, ह्या टायमाला पाजू द्या की मला.’

‘काय पाजू द्या? नऊ महिनं छातीत कोंडलेलं शिळं दूध? रंग बघ त्याचा, पू आल्यावानी. लेकराच्या पोटात गोळा व्हतो त्याचा. चौथ्या दिशी पांढरं येतं, मग पाज की उर फुटस्तवर. कोन नगं म्हनतंय?’

ती वाईट बाई असती तर माझं काम सोपं होतं. पण रात्रभर तीच माझ्या कमरेला टेकू देऊन बसली होती. सुईणीनं नाळ कापली तेव्हा माझ्या आधी तीच रडली होती. सकाळी माझ्यासाठी पातळ हळिवाची खीर तिनंच केली. माझं आणि माझ्या लेकरांचं भलं व्हावं म्हणून ती जिवाचं रान करायची. आणि त्या भल्यापायीच मागच्या वर्षी, ह्याच बाजेवर, माझा पहिला मुलगा गेला.

तेव्हाही वाटी होती, राख होती. तेव्हा मी नवी होते, हात काढ म्हटलं की काढत होते. पोरगं वात चोखायचं आणि रडायचं, मग नुसतंच रडायचं, मग रडायचंही बंद झालं. चौथ्या दिवशी पांढरं दूध आलं. भरून आलं. त्याच्या तोंडात दिलं तर ओढायची ताकद त्याच्यात राहिली नव्हती. दूध त्याच्या गालावरून ओघळून माझ्या लुगड्यात गेलं. पाचवी पुजायच्या आत पोरगं थंड पडलं.

सटवाईनं नेलं, असं सगळ्यांनी ठरवलं. सटवाईला विचारायला कोण जाणार?

‘माझी तीन न्हेली तिनं,’ आत्याबाई तेव्हा मला म्हणाल्या होत्या. ‘तीन. मी काय केलं? पदर तोंडात कोंबला आन कामाला लागले. तूबी लाग.’

मी लागले कामाला. पण तो गालावरून ओघळलेला ओघळ काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

‘आई, ऐका ना. ते पिळून टाकू नका.’

दारात शर्वरी उभी होती. माझ्या धाकट्या दिराची बायको, पुण्याची, बँकेत नोकरीला. संक्रांतीला पोराचं बोरन्हाण करायला म्हणून आली होती. दीर तिला सोडून परत कामावर गेला होता. अंगात गाऊन, कडेवर तीन महिन्यांचा सोहम, हातात दुधाची बाटली. तो गाऊन आणि ती बाटली बघायला आळीतल्या बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या. डब्याचं दूध म्हणजे काय अप्रूप! डब्यावर गोरंपान गुबगुबीत बाळ हसत असायचं. बाया आधी त्या बाळाकडे बघायच्या, मग सोहमकडे, आणि म्हणायच्या, ‘पुण्याचं लेकरू हाय बाई.’ शर्वरी पाणी उकळायची, निववायची, चमच्यानं मापून भुकटी घालायची, मनगटावर थेंब टाकून बघायची. मला वाटायचं, नशीब काढलं हिनं. हिला कुणी हात काढ म्हणत नाही.

‘आमच्या हॉस्पिटलमध्ये भिंतीवर मोठं पोस्टर होतं, आई. बाळ झाल्यावर लगेच पाजायचं. तो चीकच बाळाला…’

‘पोस्टरला थानं हुती का गं?’

शर्वरीनं सोहमला दुसऱ्या कडेवर घेतलं.

‘न्हाई, इचारते आपली. थानं तुला हुती न्हवं? मग तू पाजलंस का तुझ्या पोराला? तीन महिन्याचं झालं, आईची छाती काय असती ठावं न्हाई त्याला. रबर चघळतंय. आन हिकडं मला शिकवायलीस!’

शर्वरीचा चेहरा लालभडक झाला. तिनं हातातली बाटली गाऊनच्या घडीत लपवल्यासारखी धरली. आत्याबाईंनी तेवढ्या वेळात माझी दोन्ही मनगटं एका हातात धरली आणि बाजूला केली. कामाचा हात होता तो, म्हशीची धार काढणारा. दोन बोटांत धरून त्यांनी दाबलं. कळ मस्तकात गेली. राखेत पिवळे थेंब पडले. पडल्या पडल्या त्यांच्या गोळ्या झाल्या, राखेत लोळून काळ्या पडल्या. सुपातली लेक तेवढ्यात कण्हली. रडली नाही, कण्हली. तो आवाज मला ओळखीचा होता. मागच्या वर्षी रडणं थांबायच्या आधी असाच आवाज आला होता.

‘आई!’ भिंतीपलीकडच्या गोठ्यातून माझा नवरा ओरडला. ‘ये लवकर, म्हस याली!’

आत्याबाईंनी वाटी खाली ठेवली. ‘आगं बाई, एकाच दिशी दोघी!’ म्हणत त्या उठल्या. दारातून वळून मला म्हणाल्या, ‘आलेच मी. तवर छातीला लावायचं न्हाई तिला. ध्येनात ठेव. गूळपानी पाज.’

त्या गेल्या. खोलीत आम्ही दोघी जावा आणि दोन लेकरं उरलो. मी सुपातून लेकीला उचललं. वात गूळपाण्यात बुडवून तिच्या ओठावर टेकवली. ती तोंड उघडेना.

‘शर्वरी,’ मी म्हणाले, ‘तुझ्या डब्यातली भुकटी दे. चमचाभर दे.’

तिनं बाटली सोहमच्या तोंडात दिली.

‘डब्याच्या दुधाला आत्याबाई काय म्हननार न्हाईत. सोहमला चालतं तर हिलाबी चालंल. दे गं. मी जलमभर उपकार मानीन.’

‘नाही, वहिनी.’

‘काय?’

‘डबा देणार नाही मी.’

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. डबा तिथेच होता, कोनाड्यात, हसऱ्या बाळाचा. अर्ध्याहून जास्त भरलेला.

‘आगं लेकरू मरायलंय माझं!’

‘कळतंय मला. पण डबा नाही.’

मग माझं तोंड सुटलं. जे तोंडाला आलं ते बोलले. ‘व्हय, तुमची लेकरं लेकरं, आमची काय चिपाडं! डब्याला मिठी मारून बस तिथं. जळो तुझा डबा आन जळो तुझं पुणं!’ ती ओठ दाबून ऐकत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. तेही नाही. सोहम मजेत बाटली ओढत होता, चुक चुक चुक, आणि तो आवाज मला सुईसारखा टोचत होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आत्याबाईंचा आवाज आला. गोठ्याच्या आणि खोलीच्या मधल्या भिंतीला वरती एक झरोका होता, त्यातून म्हशीची शेपटी हलली तरी इकडे कळायची.

‘आरं माणक्या, भगुनं काय घिऊन बसलास? आदी रेडकाला लाव!’

‘खरवसाला जरा काढून घितो की.’

‘खरवस गेला खड्ड्यात! पयला चीक रेडकाच्या पोटात गेला पायजे. न्हाई गेला तर पाय टेकायच्या आदी मरंल ते.’

‘उठंना गं आई. लई अशक्त हाय. सड बी धरंना.’

‘धरंना तर धरव! मान वर कर त्याची. बोटावर घे चीक, जिभेवर लाव, टाळूला चोळ. चव कळली की वढंल आपसूक. आन तोंड असं पुरं उघडू दे, नुसतं टोक दिऊ नगंस. आरं, त्यातच त्याचा जीव हाय रं, खुळ्या!’

मी ऐकलं. शर्वरीनंही ऐकलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. माझ्या पायाजवळ राखेची वाटी होती, त्यात माझ्या लेकीच्या वाट्याच्या काळ्या गोळ्या.

‘कडी लाव,’ मी म्हणाले.

शर्वरीनं सोहमला बाजेच्या पायथ्याशी गोधडीवर ठेवलं, त्याच्या बाटलीला टेकू दिला, दार ओढलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पुण्याहून आलेली ती बाई, जिला चूल पेटवता येत नव्हती, जी गोठ्यात शेण बघून नाकाला पदर नाही म्हणून हात लावायची, ती त्या दाराला अडसरासारखी लागली.

मी लेकीची मान वर केली. चीक बोटावर घेतला. चिकट, पिवळा, बोटाला धरून राहणारा. तिच्या जिभेवर लावला. काही नाही. पुन्हा घेतला, टाळूला चोळला. तिचे ओठ जांभळट दिसत होते. तिसऱ्यांदा चोळताना थेंब तिच्या हनुवटीवर पडला.

‘धरंना,’ मी म्हणाले. ‘शर्वरी, धरंना ही. आता तरी दे डबा. पाया पडते तुझ्या.’

‘नाही.’

‘का? का पन?’

‘कारण मग ती तुमची राहणार नाही!’ शर्वरी एकदम ओरडली, मग आवाज खाली आणला. ‘माझं ऑपरेशन झालं. मी गुंगीत होते. शुद्ध आली तेव्हा सोहमच्या तोंडात बाटली होती. सिस्टर म्हणाली, तुम्ही आराम करा, बाळ छान पितंय. माझी आई म्हणाली, टाके दुखतील, राहू दे. डॉक्टरनी डब्याचं नाव लिहून दिलं, ह्यांनी आणला. सगळ्यांनी माझी इतकी काळजी घेतली, वहिनी, इतकी काळजी! तिसऱ्या दिवशी मी त्याला जवळ घेतलं तर तो माझ्यापासून तोंड वळवून किंचाळला. माझी छाती दगड झाली होती. ताप भरला. मग गोळ्या दिल्या मला, दूध आटायच्या.’

ती थांबली. दारावर थाप पडली होती.

‘प्रयाग! कडी कशाला लावलीस?’

‘बोटावर घ्या,’ शर्वरी माझ्यावर खेकसली. ‘पुन्हा. आई काय म्हणाल्या रेडकाचं? नुसतं टोक देऊ नका. तोंड पुरं उघडू द्या.’

‘प्रयाग! काय करायलीस आत?’

मी बोट चोळलं. लेकीची जीभ हलली. इतकी बारीक हलली की आधी मला माझ्याच बोटाचा भास वाटला. पुन्हा हलली. तिनं बोट चाटलं.

‘माणक्या, हिकडं ये! हिनं दार लावून घितलंय! पोरीला पाजायली वाटतं ही, पाप लागंल!’

दार गदगदा हललं. कडी खुळखुळली. शर्वरीचं डोकं फळीवर आपटलं, पण ती हलली नाही. ‘उघडणार नाही, आई!’

‘तू मधी पडू नगंस! तुझं घर न्हाई ह्ये!’

‘प्रयाग,’ आता माझ्या नवऱ्याचा आवाज. ‘उघड की. कशाला तमाशा करायलीस?’

लेकीचं तोंड आ झालं होतं, चिमणीच्या पिलागत. तिची मान हातावर घेऊन मी तिला छातीशी लावली, पुरी लावली, तिचं नाक दबू नये म्हणून बोटानं जागा केली. ती थांबली. मीही थांबले. बाहेर कोणीतरी खांदा मारला दाराला. आणि मग खालून, पोटातून, गर्भाशयातून कळ उठली माझ्या, कारण तिनं ओढलं होतं. एकदा. मग थांबली. मग दोनदा.

‘वढायली,’ मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ‘शर्वरी, वढायली गं.’

शर्वरी दाराला पाठ लावूनच खाली घसरत बसली.

मी लेकीला चार घोट घेऊ दिले. गिळल्याचा आवाज नीट कानांनी ऐकला. मग म्हणाले, ‘उघड आता.’

दार उघडलं. आत्याबाई आत आल्या त्या वाऱ्यासारख्या. एका हातात भगुनं तसंच होतं, घाईत खाली ठेवायचं राहिलेलं. मागे माझा नवरा, पायाला शेण, दंडाला म्हशीचा चिकटा लागलेला.

‘काढ तिला! काढ आदी! इख पाजायलीस लेकराला!’ त्यांनी हात पुढे केला.

‘हात लावू नगा.’

त्या घरात मी असं कधी बोलले नव्हते. आत्याबाईंचा हात हवेत राहिला.

‘रेडकू प्यालं का, आत्याबाई?’

‘आं?’

‘रेडकू. उठत नव्हतं न्हवं? प्यालं का?’

‘प्यालं की. त्याचं काय मधीच?’

‘काय पाजलं त्याला?’

माझ्या नवऱ्यानं भगुन्याकडे बघितलं. भगुन्यात तळाला घट्ट पिवळा चीक होता, रेडकू पिऊन उरलेला. त्यानं माझ्या लेकीच्या ओठांच्या कडेला बघितलं. तिथेही तोच रंग होता. तो मान खाली घालून उंबऱ्याबाहेर झाला.

‘बोला की. आत्ताच वरडून सांगत हुता तुमी. मान वर कर, टाळूला चोळ, त्यातच त्याचा जीव हाय. मी तसंच केलं बगा. एकबी गोष्ट सोडली न्हाई.’

‘ते जनावर हाय,’ आत्याबाई म्हणाल्या. पण म्हणायचं म्हणून म्हणाल्या.

‘म्हनून जगतंय.’

आत्याबाईंनी भगुनं खाली ठेवलं. राखेच्या वाटीच्या शेजारीच ठेवलं गेलं ते. त्यांनी मुद्दाम ठेवलं नसणार; तिथेच जागा होती. एकात पिवळा चीक, दुसऱ्यात काळ्या गोळ्या. त्या दोन्हींकडे त्या बघत राहिल्या. मग हळूच भिंतीला टेकून बसल्या, मी बसले होते तशाच.

तिकडे गोधडीवर सोहमची बाटली रिकामी झाली होती आणि तो कुरकुरायला लागला होता. शर्वरीनं त्याला उचललं. आमच्याकडे पाठ करून, गाऊनची बटणं काढून तिनं त्याला छातीशी धरलं. मला कळलं ती काय करतेय ते. आत्याबाईंनाही कळलं. सोहमनं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा धरलं. तो पाठीची कमान करून किंचाळला, हातांनी तिला ढकलायला लागला. ती बराच वेळ प्रयत्न करत होती. शेवटी उठली, कोनाड्यातून डबा काढला, चमचा मापून भुकटी घातली, थर्मासमधलं पाणी ओतलं. बाटली तोंडात जाताच तो शांत झाला. शर्वरीचे खांदे हलत होते.

मला वाटलं, आता आत्याबाई टोमणा मारणार. एवढी आयती संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या लेकीकडे बघत होत्या. ती ओढत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती. कानामागची शीर हलताना दिसत होती. ओठांचा जांभळेपणा जाऊन तांबूस रंग येत होता.

‘प्रयाग,’ आत्याबाई म्हणाल्या.

‘काय?’

‘सटवाईनंच न्हेली न्हवं माझी?’

मी त्यांच्याकडे बघितलं.

‘तिघं. पयला तर चांगला डोक्यावर जावळ घिऊन आलता. माझ्या सासूनं राख आनली. मी म्हनलं, आत्याबाई, लई रडायलंय. ती म्हनली, चौथ्या दिशी पाज.’ त्यांनी पुन्हा राखेच्या वाटीकडे बघितलं. ‘सटवाईनंच न्हेली न्हवं गं?’

उत्तर माझ्या जिभेवर होतं. माझा मुलगा माझ्या मांडीवर थंड झाला होता. त्याच्या वतीनं मी ते उत्तर त्यांच्या तोंडावर फेकू शकले असते. दया आली म्हणून मी थांबले असं कुणी समजू नये. मी थांबले, कारण गरज उरली नव्हती. आत्याबाईंचे दोन्ही हात वर आले होते आणि स्वतःच्या सुकलेल्या, कधीच्या आटलेल्या छातीवर घट्ट दाबून त्या बसल्या होत्या.

ते हात काढ म्हणणारी त्यांची सासू कधीच मरून गेली होती.